केळुसकर गुरुजींचे पुस्तक

(काळाचौकी, मुंबई येथे प्रौढ वाचनवर्गापुढे झालेले भाषण)



आज आम्ही तुम्हांला एका लेखकाची हकिकत सांगणार आहोत. हा लेखक इतिहास लिहीत असे. पण पंडितांसाठी नव्हे. तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसांसाठी लिहीत असे.

शिवाजी महाराजांचे नाव ठाऊक नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडेल काय? सापडणार नाही. इथे काळाचौकीत, लालबागेत, परळात घरोघरी महाराजांची तसबीर आहे. गावाकडे तर देवाच्या शेजारी महाराज असतात. पोवाडा आपण ऐकला आहे. सिनेमा पाहिला आहे. पण महाराजांचे जन्मापासून अखेरपर्यंतचे सविस्तर चरित्र मराठीत पहिल्याप्रथम कोणी लिहिले, असे विचारले तर किती हात वर होतील? आम्ही पुष्कळ ठिकाणी विचारून पाहिले. हात वर होत नाहीत.

त्या लेखकाचे नाव कृष्णराव अर्जुन केळुसकर. लोक त्यांना केळुसकर गुरुजी म्हणत. कोणी दादा केळुसकर म्हणत. गुरुजी म्हणत, कारण ते शाळामास्तर होते.

कोकणचा माणूस

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले तालुका आहे. त्या तालुक्यात समुद्राच्या काठी केळूस नावाचे गाव आहे. गावाच्या नावावरूनच केळुसकर हे आडनाव झाले. तिथे १८६० साली गुरुजींचा जन्म झाला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता.  वेगळा जिल्हा झाला तो १९८१ साली.

कोकणची माणसे मुंबईला कशी येत, हे या काळाचौकीत सांगायला नको. तुमच्या आजोबा-पणजोबांनी तेच केले. शेत थोडे, खाणारी तोंडे फार, म्हणून मुंबई गाठायची. कोकण रेल्वे अलीकडची. ती १९९८ साली पुरी झाली. त्या काळी कोकणी माणूस गलबताने येई, पुढे आगबोटीने येऊ लागला. कोणी गिरणीत लागला, कोणी गोदीत, कोणी शिपाई झाला. गावकऱ्यांनी मिळून एक खोली घ्यायची आणि पाळीपाळीने तिथे झोपायचे. एकजण पाळीला गेला की त्याच्या जागेवर दुसरा आडवा होई. आता गिरण्या गेल्या. १९८२ च्या मोठ्या संपानंतर भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण गणपतीला गावी जाणे काही सुटले नाही, नाही का?

केळुसकर हेही असेच कोकणातून मुंबईत आले. पण त्यांनी हातात घेतला तो खडू. मुंबईच्या विल्सन हायस्कुलात ते शिक्षक होते. आम्हीही जन्मभर शाळेतच काढला, म्हणून एक गोष्ट सांगू शकतो. शिक्षकाला रोज एक परीक्षा द्यावी लागते. समोर पन्नास पोरे बसलेली असतात. बोललेले त्यांना कळले नाही, तर ती जांभया देतात. पुस्तक लिहिणाराला वाचकाची जांभई दिसत नाही. मास्तराला दिसते. म्हणून मास्तर जेव्हा पुस्तक लिहितो, तेव्हा ते सोपे असण्याचा संभव जास्त.

आधी इतिहास कुठे होता?

केळुसकरांच्या आधी महाराजांचा इतिहास कोठे होता? तो तीन-चार ठिकाणी विखुरलेला होता.

एक, बखरींत. बखर म्हणजे जुन्या काळची हकिकत. महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासद यांनी पुढे राजाराम महाराजांच्या वेळी एक बखर लिहिली. ती फार मोलाची आहे. पण बखर जुन्या भाषेत असते, आणि मोडी लिपीत असे. मोडी वाचणारे दिवसेंदिवस कमी होत गेले.

दोन, शाहिरांच्या पोवाड्यांत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा लिहून छापला. शेतकऱ्याला आपला राजा कळावा हा त्यांचा हेतू. पण पोवाडा म्हणजे गाणे. त्यात सगळा तपशील मावत नाही.

तीन, इंग्रजीत. ग्रँट डफ नावाचा कंपनी सरकारचा एक अधिकारी साताऱ्याला होता. त्याने पुष्कळ कागद जमवले आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. त्याचे मराठी भाषांतरही झाले. आपल्याच पोरांना आपला इतिहास शिकायचा, तर तो साहेबाने सांगितलेला शिकायचा, अशी दशा झाली. साहेबाने मेहनत केली होती हे खरे. पण जिंकणाराच्या नजरेतून जिंकलेल्यांचा इतिहास जसा दिसायचा तसाच दिसला.

चार, लोकांच्या घरांत, पेट्यांत, रुमालांत बांधलेल्या कागदांत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे गावोगाव पायपीट करून असे कागद गोळा करू लागले. त्यांचा पहिला खंड १८९८ साली छापून निघाला.

म्हणजे काय झाले, की धान्य होते, पण ते चार कोठारांत होते. भाकरी करून ताटात वाढणारा कोणी हवा होता. ते काम केळुसकर गुरुजींनी केले.

तीन पुस्तके

गुरुजींनी पुष्कळ लिहिले. त्यांतली तीन चरित्रे आज आपण ध्यानात ठेवू.

पहिले चरित्र तुकाराम महाराजांचे. ते १८९६ साली निघाले. दुसरे गौतम बुद्धाचे. ते १८९८ साली निघाले. तिसरे, सर्वांत मोठे, छत्रपती शिवाजी महाराजांचे. ते १९०६-०७ च्या सुमारास निघाले.

एक देहूचा संत. एक राजवाडा सोडून गेलेला राजपुत्र. एक रायगडचा राजा. तिघांचा आपसांत काय संबंध, असे वाटेल. आम्हांला त्यांत एक धागा दिसतो. तिघांनीही हलक्या समजल्या गेलेल्या माणसाला जवळ केले. तुकोबांनी देवाची गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत सांगितली. बुद्धाने आपल्या संघात जात पाहिली नाही. महाराजांनी मावळातल्या साध्या कुणब्या-कोळ्यांना हाताशी धरून राज्य उभे केले. ज्याला लोकांसाठी लिहायचे आहे, त्याने ही तीन माणसे निवडली यात नवल नाही.

शिवचरित्राचे पुस्तक इतके भरीव झाले, की त्याच्या आधारे प्राध्यापक ताकाखाव यांनी इंग्रजीत पुस्तक केले. ते १९२१ साली मुंबईत छापले. पाहा, शंभर वर्षांपूर्वी साहेबाचे पुस्तक इंग्रजीतून मराठीत आले होते. आता मराठी शाळामास्तराचे पुस्तक मराठीतून इंग्रजीत गेले.

पण आज आम्हांला अधिक सांगायचे आहे ते दुसऱ्या पुस्तकाविषयी. बुद्धाच्या चरित्राविषयी. ते पुस्तक कोणाच्या हातात पडले आणि पुढे काय झाले, ते ऐका.

अक्षरओळख नसलेला राजा

या गोष्टीत मध्येच एक राजा येतो. त्याची ओळख आधी करून देतो, कारण ती तुमच्या कामाची आहे.

नाशिक जिल्ह्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तिथे १८६३ साली एका शेतकरी गायकवाड घराण्यात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. गुरे, शेत, माती यांतच तो वाढला. बारा वर्षांचा होईतो त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. बडोद्याच्या गादीला वारस हवा होता. तेव्हा १८७५ साली या मुलाला दत्तक घेतले. गोपाळचे नाव सयाजीराव झाले. बारा वर्षांच्या घोड्याला अ आ इ ई पासून धडे सुरू झाले. तुमच्यापैकी काहीजण पन्नाशीत अक्षर गिरवू लागले आणि लाजले. लाजायचे कारण नाही. हे महाराज उशीरा शिकले, पण शिकले.

आणि शिकल्यावर त्यांनी काय केले? आपल्याला शिक्षण उशीरा मिळाले, ते रयतेच्या पोरांना वेळेवर मिळावे म्हणून त्यांनी १८९३ साली आपल्या राज्याच्या अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून पाहिले. १९०६ साली ते सबंध राज्यात लागू केले. गावोगाव वाचनालये काढली. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवल्या. आणि लोकभाषेत चांगली पुस्तके व्हावीत म्हणून लेखकांना आश्रय दिला. गुरुजींचे बुद्धचरित्र याच बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते. ते छापले मुंबईचे दामोदर सावळाराम यंदे यांनी.

म्हणजे एका पुस्तकामागे किती हात असतात पाहा. आश्रय देणारा राजा, लिहिणारा मास्तर, छापणारा यंदे. आता चौथा हात हवा, वाचणाराचा.

बागेत वाचणारा मुलगा

काळाचौकीहून परळ किती दूर? चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. त्या परळ भागात डबक चाळ नावाची एक चाळ होती. १९०४ च्या सुमारास साताऱ्याहून सुभेदार रामजी आंबेडकर मुलांना घेऊन तिथे राहायला आले. ते पलटणीतून निवृत्त झालेले. पेन्शन महिना ५० रुपये. घर म्हणजे एकच खोली. स्वयंपाक तिथे, झोप तिथे, अभ्यासही तिथेच. मुलगा भीमराव लवकर झोपे. वडील रात्री दोन वाजेपर्यंत जागत आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसा नसला, तर रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून परत देत. बहिणीचा दागिना भावाच्या पुस्तकासाठी गहाण पडे. हे ऐकून आम्हांला आजही भरून येते.

हा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कुलात जाई. अस्पृश्य मानलेल्या जातीतला, म्हणून शाळेतही त्याला अपमान गिळावे लागत. खोलीत गर्दी आणि गोंगाट. तेव्हा शाळा सुटल्यावर तो चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे.

त्याच बागेत संध्याकाळी केळुसकर गुरुजीही पुस्तक घेऊन येत. इतर पोरे खेळत आहेत आणि हा एकटाच रोज वाचतो, हे त्यांनी पाहिले. मास्तराची नजर ती. त्यांनी जवळ जाऊन विचारले, तू कोण, कुठला? मुलाने आपली जात सांगितली. त्या काळी जात ऐकताच माणसे चार हात मागे सरत. गुरुजी सरले नाहीत. उलट ते त्याला पुस्तके देऊ लागले, काय वाचावे ते सांगू लागले. चरित्रकारांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे.

सभा आणि बक्षीस

पुढे भीमराव परीक्षा पास झाला. त्याच्या समाजातला मुलगा इतका शिकला याचा लोकांना मोठा आनंद झाला. त्यांनी ठरवले, सभा भरवून मुलाचा गौरव करायचा. ते रामजींकडे परवानगी मागायला गेले. रामजींनी साफ नाही म्हटले. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. बाप कडक होता. लोक हिरमुसले, पण हटले नाहीत. ते केळुसकरांकडे गेले. केळुसकर हे रामजींचे स्नेही. त्यांनी रामजींची समजूत घातली, आणि सभा झाली.

त्या सभेत गुरुजींनी मुलाला आपले बुद्धचरित्र भेट दिले.

बक्षीस म्हणून पुस्तक. फेटा नाही, नारळ नाही, पितळेचा तांब्या नाही. पुस्तक!

मुलाने ते पुस्तक मन लावून वाचले. त्याच्या घरी रामायण-महाभारत वाचले जाई. रामजी स्वतः मुलांकडून वाचून घेत. पण बुद्धाची गोष्ट त्याला नवी होती. बुद्धाविषयी आपल्याला आधी कोणी का सांगितले नाही, असा प्रश्न त्याच्या मनात आला. हे सगळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५६ साली स्वतः लिहून ठेवले आहे. बुद्धाकडे आपण वळलो त्याचा आरंभ केळुसकरांनी दिलेल्या या पुस्तकापासून झाला, असे त्यांनी सांगितले आहे.

गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. भीमराव कॉलेजात गेला, पण पुढे पैसा संपला. तेव्हा गुरुजी त्याला घेऊन सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले. उत्तरे पटली. महिना २५ रुपये मदत मंजूर झाली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाला. १९१३ साली बडोद्याच्याच मदतीने तो अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेला. पुढचे तुम्हांला ठाऊक आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह. त्यानंतर भारताची राज्यघटना. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांसह बुद्धधर्माची दीक्षा.

आम्ही असे म्हणत नाही, की एका पुस्तकाने हे सगळे झाले. बाबासाहेबांची बुद्धी, मेहनत आणि सोसणे हे त्यांचे स्वतःचे. त्यामागे समाजाचा शेकडो वर्षांचा छळ होता, आणि त्याविरुद्धचा लढाही होता. पण बी पडले ते त्या दिवशी. आणि बी टाकणारा होता एक शाळामास्तर.

बाबासाहेबांनी पुढे दादरला घर बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. घराला नाव दिले राजगृह. हे नाव बुद्धाच्या काळच्या एका नगरीचे आहे.

दोन साक्षीदार

आता इतिहास वाचताना एक सवय लावून घ्यावी, ती याच प्रसंगावरून सांगतो.

ही सभा कधी झाली? बाबासाहेबांचे चरित्रकार लिहितात, भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला तेव्हा. अध्यक्ष होते समाजसुधारक सी. के. बोले. सार्वजनिक विहिरी आणि तळी सर्वांना खुली करावीत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे मंडळात आणणारे बोले ते हेच. पण खुद्द बाबासाहेबांनी लिहिताना इंग्रजी चौथीची परीक्षा म्हटले आहे, आणि अध्यक्ष केळुसकर होते असे म्हटले आहे.

मग खरे काय? तुम्ही गोंधळाल. गोंधळू नका. कोर्टात दोन साक्षीदार येतात. दोघेही भले असतात, तरी तपशिलात फरक पडतो. पन्नास वर्षांनी आठवून सांगताना साल, इयत्ता इकडची तिकडे होऊ शकते. पण मुख्य गोष्टीवर दोघांचे एकमत आहे. सभा झाली, केळुसकर हजर होते, त्यांनी बुद्धचरित्र दिले. एवढे पक्के धरावे, बाकीचे तपासत राहावे. इतिहास लिहिणारा हेच काम करतो. कोणी सांगितले? त्याने स्वतः पाहिले होते काय? कागद आहे काय? तो कागद कधीचा? असे चार प्रश्न तो विचारतो.

दुसरे उदाहरण घ्या. केळुसकरांनी शिवचरित्र लिहिले त्या काळी महाराजांचा जन्म १६२७ सालचा, असेच सगळे धरून चालत. पुढे काय झाले? भोरजवळ कारी नावाचे गाव आहे. तिथल्या जेधे देशमुख घराण्यात एक जुनी शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या साली काय घडले त्याची टिपणे. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी १९१६ साली ती छापली. तिच्यावरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख पुढे आली. अनेक वर्षे विद्वानांत वाद चालला. आज महाराष्ट्र सरकार १९ फेब्रुवारीलाच शिवजयंती करते.

पाहा, एका खेड्यातल्या घरातल्या कागदाने सबंध महाराष्ट्राची तारीख बदलली. मग केळुसकरांचे पुस्तक वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांच्या वेळी जे साधन हाती होते, त्यावर त्यांनी लिहिले. पुढच्याने त्यात भर घातली. विहीर खणणाराला जिथे खडक लागतो तिथून पुढचा माणूस सुरुंग लावतो. पण वरची माती पहिल्याने काढलेली असते, हे विसरू नये.

म्हणून कोणी रागाने, मोठ्याने, हातवारे करून इतिहास सांगू लागला, म्हणजे त्याला शांतपणे विचारावे, बाबा, हे कुठे लिहिले आहे? आजकाल तर मोबाईलवर रोज सकाळी इतिहास येऊन पडतो. कोणी लिहिला त्याचे नाव नाही, गाव नाही. महाराजांच्या नावावर वाटेल ते खपवतात आणि माणसामाणसांत भांडणे लावतात. ज्याला वाचता येत नाही, तो ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवतो, त्याचा दोष थोडा. पण आता तुम्हांला वाचता येते. आता जबाबदारी आली.

महाराज स्वतः कसे राज्य करीत, हे त्यांच्या पत्रांतून दिसते. चिपळूणजवळ छावणी केलेल्या लष्कराला त्यांनी एक पत्र पाठवले. दाणागोटा, वैरण आताच बेताने खर्च करा, पावसाळ्यात कमी पडले तर घोडी मरतील, असे त्यात बजावले आहे. कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी उचलाल तर लोक गाव सोडून जातील, आणि मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट असे म्हणतील. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल. एवढा मोठा राजा, पण त्याला उंदराने ओढलेली वात दिसत होती! हे पत्र ज्याने वाचले, त्याला महाराज तसबिरीतून खाली उतरून आपल्या अंगणात आल्यासारखे वाटतात. तलवार तर सर्वांनाच दिसते. शेतकऱ्याच्या गवताची काळजी करणारा राजा वाचणाराला दिसतो.

आता तुमचे काम

केळुसकर गुरुजी १९३४ साली वारले. आज त्यांचे नाव थोड्यांनाच माहीत आहे. त्यांचा शिष्य म्हणावा असा मुलगा जगभर गेला. त्यांनी ज्या राजाचे चरित्र लिहिले तो राजा घराघरांत आहे. लिहिणारा मात्र मागे राहिला. त्यांनाही बहुधा त्याची खंत नसती. मास्तराचे असेच असते. पोरे पुढे जातात, फळा मागे राहतो. पण आपण कृतज्ञ असावे, म्हणून आज त्यांची आठवण केली.

नुसती आठवण करून भागणार नाही. आम्ही तुम्हांला तीन कामे सांगतो. तिन्ही होण्याजोगी आहेत.

पहिले काम. रोज एक पान वाचा. मोठ्याने वाचा. वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळाले, आणि पुस्तक माळ्यावर गेले, असे आम्ही फार पाहिले आहे. दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा अंगठा पुढे करतो. अक्षर हे कोयत्यासारखे आहे. वापरात नसले की गंज चढतो. घरात नातवंड असेल तर त्याला जवळ बसवा. तुम्ही अडखळलात तर ते सांगेल. त्यात कमीपणा नाही. उलट आजी वाचते, आजोबा वाचतात, हे पाहून पोराला वाचायची गोडी लागेल.

दुसरे काम. गावाकडे घराच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, जुन्या पेटीत कागद असतील. आजोबांच्या वेळचे खरेदीखत असेल, कुळकर्ण्याने लिहिलेला मोडी कागद असेल, पलटणीतल्या कोणाचे पत्र असेल. घर पाडून नवे बांधताना असे कागद बंबात जातात. जाळू नका. वाळवी आणि ओल यांपासून जपा. स्वतःला वाचता येत नसेल तर मोडी जाणणाराला दाखवा. मूळ कागद कोणाला देऊ नका, फोटो काढू द्या. प्रत्येक कागदात महाराजांची जन्मतारीख नसते. पण तुमच्या शेताची हद्द असू शकते, तुमच्या पणजीचे नाव असू शकते. तोही इतिहासच आहे.

तिसरे काम सर्वांत सोपे. गावात पोरगा किंवा पोरगी परीक्षा पास झाली, की आपण सत्कार करतो. शाल देतो, डबा देतो, पाण्याची बाटली देतो. त्याबरोबर एक पुस्तक द्या. महाग नको. सोपे, चांगले, खरे लिहिलेले द्या. पहिल्या पानावर आपल्या हाताने मुलाचे नाव लिहा आणि खाली आपली सही करा. अंगठा नव्हे, सही. आणि ज्या पोराला घरी अभ्यासाला जागा नाही, जे देवळाच्या ओट्यावर किंवा जिन्यात बसून वाचते, त्याची जात न विचारता त्याची चौकशी करा. हे शाळेतल्या मास्तरानेच करावे असे थोडेच आहे?

ते मूल पुढे कोण होईल, हे देताना ठाऊक नसते. केळुसकर गुरुजींनाही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त एवढेच पाहिले, की मुलगा वाचतो आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकाने घरून एक पान वाचून यावे आणि काय वाचले ते चार वाक्यांत सांगावे. आम्ही ऐकायला बसू. गावाकडे ज्यांच्या हाती हे पुस्तक पडेल, त्यांनी हे भाषण शेजाऱ्याला वाचून दाखवावे.